पीसीतले पोटभाडेकरू

कम्प्युटर स्लो झाला की सगळ्यांना एकच उपाय सुचतो : नवा घ्या! पण कार्ड स्वाइप करायच्या आधी एक रविवार सकाळ जुन्याला द्या. तुमच्या नकळत आत ठाण मांडून बसलेल्या प्रोग्रॅम्सना बाहेरचा रस्ता दाखवा. खर्च? शून्य रुपये.

शनिवारची सकाळ. डोंबिवली. आदल्या रात्री उशिरा पुण्याहून आलेली मी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये लोळतेय. बाबा कम्प्युटरपाशी येतात, बटण दाबतात आणि चक्क उठून जातात. आधी कुंड्यांना पाणी. मग दूध तापवणं. मग पेपरचं पहिलं पान.

‘बाबा, चालू करून कुठे निघालात?’

‘अगं, वेळ लागतो त्याला. उठू दे सावकाश.’

मी मोबाइलवर घड्याळ लावलं. बटण दाबल्यापासून माउस नीट हलायला लागेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद! त्यानंतर बाबांनी एक्सेलवर क्लिक केलं. काहीच झालं नाही. परत क्लिक केलं. परत एकदा. आणि मग एकदम तीन खिडक्या धाडधाड उघडल्या. बाबा ओशाळून हसले. ‘माझंच काहीतरी चुकतं बघ. आता या वयात नाही जमत.’

हे वाक्य मला जरा लागलं. या माणसाने चाळिशीत ऑफिसातल्या पोरांकडून कम्प्युटर शिकून घेतलाय. रिटायर झाल्यापासून सोसायटीचे सगळे हिशेब एकट्याने एक्सेलमध्ये ठेवलेत. किचनमध्ये गेले तर आई हळूच म्हणाली, ‘यंदाच्या सभेत सेक्रेटरीपद सोडणारेत. म्हणे आता तरुणांनी बघावं.’ कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर निकालच देऊन टाकला होता, ‘काका, पाच-सहा वर्षं झाली ना? नवीनच घ्या.’

मशीन २०१९ चं. आठ जीबी रॅम, विंडोज ११, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. अगदी म्हातारं वगैरे नाही. मग गडबड कुठे होती? मी टास्क मॅनेजर उघडला आणि मोजायला बसले. कम्प्युटर सुरू होताक्षणी स्वतःहून उठणारे प्रोग्रॅम होते तब्बल २३!

हे आले कुठून?

आठवून पाहा. तुम्ही शेवटचं सॉफ्टवेअर टाकलंत तेव्हा काय केलंत? नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश. बरोबर? त्या नेक्स्टच्या गर्दीत कुठेतरी एक छोटी टिकमार्क असते. ‘कम्प्युटर सुरू होताना मलाही सुरू कर’, असं ती सांगत असते. कित्येकदा तर ती टिकमार्कही नसते. सॉफ्टवेअर परस्परच आपलं नाव यादीत लिहून मोकळं होतं.

त्यांची बाजूही ऐकून घेऊ. गाणी वाजवणाऱ्या ॲपला वाटतं, मालकाने हाक मारली की आपण झटकन हजर असावं. चॅटिंगवाल्याला निरोप पोचवायचे असतात. फोटो साठवणाऱ्याला क्लाउडशी जुळवून घ्यायचं असतं. पीडीएफवाल्याला नवं व्हर्जन आलंय का, हे बघायचं असतं. एकेकट्याला विचारलंत तर प्रत्येकाचं म्हणणं खरं वाटेल. पण २३ जण एकाच वेळी एकाच दारातून आत घुसायला लागले तर? सकाळच्या सीएसएमटी फास्टला डोंबिवली स्टेशनवर काय होतं, ते या मशीनमध्ये रोज होत होतं.

ओटा, फडताळ आणि माळा

स्लो म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं. कम्प्युटरला स्वयंपाकघर समजा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ आणि माळा. जे आत्ता हाताशी हवंय ते ओट्यावर, बाकीचं फडताळात.

आता ओट्यावर आधीच मिक्सर, टोस्टर, ज्यूसर आणि गेल्या दिवाळीचा सोऱ्या मांडून ठेवलाय. तुम्हाला पोळ्या लाटायच्यात. जागा आहे कुठे? मग काहीतरी उचलून माळ्यावर टाकायचं आणि लागलं की परत खाली काढायचं. विंडोज नेमकं हेच करतं. रॅम भरली की काही माहिती डिस्कवरच्या ‘पेज फाइल’मध्ये हलवतं. रॅमच्या मानाने डिस्क इतकी मंद असते की ही चढउतार सुरू झाली की तुम्हाला क्लिक केल्यावर नुसता गोल फिरताना दिसतो.

फिरत्या हार्ड डिस्कचं दुखणं त्याहून मोठं. आत खरोखरच एक तबकडी फिरत असते आणि तिच्यावर माहिती वाचणारं एक डोकं इकडून तिकडे सरकत असतं. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. शिवाय डोकं सरकायला आणखी काही मिलिसेकंद. हिशेब करा : विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम शंभरेक फेऱ्या होतात. आणि २३ प्रोग्रॅम आपापल्या शेकडो फाइल्स एकदम मागतायत! म्हणून सुरुवातीची पाच-सहा मिनिटं सगळ्यात त्रासाची. बाबांचं काहीही चुकत नव्हतं. त्यांचं पहिलं क्लिक रांगेत उभं होतं. दुसरं आणि तिसरंही त्याच्यामागे जाऊन उभं राहिलं. नंबर लागला तेव्हा तिन्ही एकदम आत गेली, इतकंच.

थोडा फ्लॅशबॅक

हे दुखणं आजचं नाही. डॉसच्या जमान्यातही एकदा सुरू झाले की मेमरीत मुक्काम ठोकणारे प्रोग्रॅम होतेच. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं आणि उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोटे आयकॉन मांडायची सोय झाली. मग काय, तिथे गर्दीच झाली! एक्सपीच्या काळात कोणाच्याही घरी गेलात तर त्या कोपऱ्यात डझनभर आयकॉन हमखास दिसायचे.

उपायही तेव्हापासूनचे. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनीअरने लिहिलेला टास्क मॅनेजर १९९६ साली विंडोज एनटी ४.० मध्ये आला. विंडोज ९८ पासून ‘एमएसकॉन्फिग’ नावाचं टूल मिळायला लागलं. कॉलेजात ज्याला ‘एमएसकॉन्फिग’ टाइप करता यायचं तो आख्ख्या बिल्डिंगचा कम्प्युटर डॉक्टर असायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि हीच यादी टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये येऊन बसली. म्हणजे डॉक्टरकी आता सगळ्यांसाठी खुली आहे. फी नाही, अपॉइंटमेंट नाही.

चला, हात घालू या!

एक : कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज ११ मध्ये डावीकडच्या पट्टीत ‘स्टार्टअप ॲप्स’ आहे. विंडोज १० मध्ये वरच्या बाजूला ‘स्टार्टअप’ असा टॅब आहे.

दोन : ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ हा रकाना बघा. तिथे हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. हे अंदाजपंचे नाही. सुरू होताना जो प्रोग्रॅम प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ खातो किंवा डिस्कवर तीन एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन करतो, तो मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येनुसार ‘हाय’. रकान्याच्या नावावर क्लिक केलंत की मोठे मासे सगळ्यात वर येतात.

तीन : ज्याची रोज सकाळी गरज नाही त्याच्यावर राइट क्लिक करा आणि ‘डिसेबल’ निवडा. घाबरू नका. याने प्रोग्रॅम उडत नाही. हवा तेव्हा आयकॉनवर क्लिक करून उघडता येतोच. फक्त न बोलावता येणं बंद होतं.

चार : ‘एंड टास्क’, ‘डिसेबल’ आणि ‘अनइन्स्टॉल’ यांत गल्लत करू नका. एंड टास्क म्हणजे पाहुण्याला आजच्यापुरतं वाटेला लावणं, उद्या सकाळी तो परत दारात. डिसेबल म्हणजे ‘बोलावल्याशिवाय येऊ नको’ असं बजावणं. अनइन्स्टॉल म्हणजे संबंधच तोडणं. वर्षभरात एकदाही उघडलं नसेल ते सरळ अनइन्स्टॉल करा.

पाच : ब्राउझरला विसरू नका. क्रोम बंद केलं तरी त्याचे काही भाग मागे चालू राहू शकतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ या भागात त्याचा स्विच आहे, तो बंद करा. एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ आहे. ब्राउझर पटकन उघडावा म्हणून तो आधीच थोडा जागा करून ठेवतो. रॅम कमी असेल तर बंद केलेला बरा. आणि हो, ते चाळीस उघडे टॅब!

सहा : झालं की कम्प्युटर ‘रिस्टार्ट’ करा. शट डाउन नाही, रिस्टार्ट. इथे एक गंमत आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा पूर्ण बंद करत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. सगळं खरोखर नव्याने सुरू होतं ते रिस्टार्टने. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘अप टाइम’ दिसतो. बाबा रोज रात्री इमानेइतबारे शट डाउन करायचे, तरी त्यांच्या मशीनचा अप टाइम ४१ दिवस होता!

यांना हात लावू नका

उत्साहाच्या भरात सगळ्यांनाच हाकलू नका. विंडोज सिक्युरिटी किंवा तुमचं अँटिव्हायरस, साउंड आणि टचपॅडचे ड्रायव्हर यांना राहू द्या. क्लाउडवर फाइल्स ठेवणारं ॲप तुमचा एकमेव बॅकअप असेल तर तेही राहू द्या, नाहीतर डिस्क गेली की डोक्याला हात लावून बसाल. ‘सर्व्हिसेस’च्या यादीत शिरायचंच असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक करा. म्हणजे विंडोजची स्वतःची कामं नजरेआड होतील आणि चुकून पायावर धोंडा पडणार नाही.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी ‘ऑटोरन्स’ आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या जोडीच्या सिसइंटर्नल्समधलं हे टूल. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. टूल आजही फुकट मिळतं. रजिस्ट्री, शेड्यूल्ड टास्क, ब्राउझरची शेपटं... प्रोग्रॅम जिथे जिथे लपून बसू शकतात त्या सगळ्या जागा ते दाखवतं. पण इथे जपून. नाव ओळखीचं नसेल तर आधी शोधा, मग टिक काढा.

हा सल्ला मी अनुभवातून देतेय.

मंगळवार रात्रीचा फोन

त्या शनिवारी मी २३ चे ७ केले. प्रिंटरचं मदतनीस सॉफ्टवेअर राहू दिलं. दोन चॅटिंग ॲप, चार निरनिराळे अपडेटर, गाण्यांचं ॲप, भावाने कधीतरी टाकलेला गेम लाँचर, सगळ्यांना नारळ दिला. यादीत एक विचित्र इंग्रजी अक्षरांचं नाव होतं. पब्लिशरचा रकाना कोरा. म्हटलं, असेल काहीतरी फालतू. डिसेबल! रिस्टार्ट केलं, घड्याळ लावलं. २ मिनिटं ३५ सेकंद. मी कॉलर ताठ करून पुण्याची गाडी पकडली.

मंगळवारी रात्री नऊला आईचा फोन. ‘अगं, यांचं मराठीच उमटत नाहीये. सगळं इंग्रजी येतंय. उद्या सभेची नोटीस लावायचीय.’ मागून बाबांचा आवाज, ‘राहू दे, तिला त्रास नको. मीच काहीतरी दाबलं असणार. हाताने लिहितो.’

ते विचित्र नाव म्हणजे बाबांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं. गेली कित्येक वर्षं त्यांनी सोसायटीची प्रत्येक नोटीस त्याच्यावर लिहिली होती. आणि मी त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच कम्प्युटरमधून, त्यांना एका शब्दानेही न विचारता ते बंद करून आले होते.

‘बाबा, तुम्ही काही दाबलेलं नाही. चूक माझी आहे,’ असं आधी सांगितलं. मग म्हटलं, ‘तुम्हीच दुरुस्त करा. मी सांगते तसं करा.’ कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. स्टार्टअप ॲप्स. ते नाव. राइट क्लिक. एनेबल. रिस्टार्ट. अडीच मिनिटं आम्ही दोघं फोनवर नुसते गप्प. मग पलीकडून एकदम, ‘उमटलं!’

आणि पुढे जे म्हणाले त्याची मी कल्पनाच केली नव्हती. ‘काय गं, या यादीत प्रिंटरचं पण एक दिसतंय. तो जुना प्रिंटर आपण केव्हाच देऊन टाकला. हे बंद करू का?’

सात नावं मी चाळली होती. प्रिंटर घरात नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

थोडक्यात, पहिला नियम कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही असा आहे : मशीन जो वापरतो त्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक नावावर त्याला विचारा. दुसरा नियम : एका वेळी तीन-चारच गोष्टी बंद करा, दोन दिवस वापरा, मग पुढच्या. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते लगेच कळतं. तिसरा : काय बंद केलं ते कागदावर लिहून ठेवा.

झाडूवाल्यांपासून सावध!

‘एका क्लिकमध्ये तुमचा पीसी सुपरफास्ट!’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. यातले बरेच ‘रॅम क्लीनर’ ओट्यावरच्या वस्तू उचलून माळ्यावर टाकतात. आकडा छान दिसतो आणि दोन मिनिटांत त्याच वस्तू परत खाली काढाव्या लागतात. शिवाय हा क्लीनर स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतो! मोकळ्या रॅमचं इतकं कौतुकही नको. विंडोज उरलेल्या जागेत नेहमीच्या फाइल्स हाताशी ठेवतं आणि गरज पडली की ती जागा सोडून देतं.

नामांकित टूलही धोक्यापासून मुक्त नाही. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या टूलच्या एका अधिकृत व्हर्जनमध्येच हॅकर्सनी घातक कोड घुसवला होता. सुमारे २२.७ लाख कम्प्युटरवर ते व्हर्जन पोचलं. जे काम विंडोजमध्येच पाच क्लिकमध्ये होतंय त्यासाठी तिसऱ्याला घराची किल्ली कशाला द्यायची?

आणि तरीही स्लोच असेल तर?

मग खरं बोलू या. स्टार्टअपची साफसफाई म्हणजे जादूची कांडी नाही. ओट्यावरचा पसारा निघतो, ओटा काही मोठा होत नाही. फिरती हार्ड डिस्क असेल तर सगळ्यात मोठा फरक पडतो तो एसएसडीने. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे तबकडी फिरून जागा येईपर्यंत वाट बघणं नाही. सेकंदाला शंभराऐवजी हजारो फेऱ्या. नव्या मशीनच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ. रॅम चार जीबी असेल तर ती वाढवता येते का, हेही विचारा. पंखा सतत घोंगावत असेल आणि काही उघडलेलं नसताना प्रोसेसर ८०-९० टक्के दिसत असेल, तर मात्र व्हायरस स्कॅन आधी.

एक आठवण. जुन्या मशीनवर अजून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन वेगवान झालं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही. ११ वर जाता येतं का, ते तपासा. बँकेचे व्यवहार त्यावर करत असाल तर नक्कीच.

मॅकवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. ‘सिस्टीम सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’ आणि तिथे ‘लॉगिन आयटम्स’ उघडा. मॅकओएस व्हेंच्युरा २०२२ मध्ये आलं तेव्हापासून पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅम्सची यादीही तिथेच दिसते. कोण किती खातंय ते बघायला ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ आहेच.

...आणि बाबा?

दिवाळीत मी एसएसडी घेऊन गेले. ती बसवायला तोच कोपऱ्यावरचा दुकानदार आला. त्याने मशीन चालू केलं, अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप आला. तो म्हणाला, ‘काका, हे तर मस्त पळतंय.’ बाबा म्हणाले, ‘पळणारच. आत फक्त सहा जण आहेत.’

सेक्रेटरीपद त्यांनी सोडलेलं नाही. गेल्या रविवारी फोन केला तर आई म्हणाली, ‘नाहीयेत घरी. दुसऱ्या मजल्यावर गेलेत. त्यांचा कम्प्युटर फार स्लो झालाय म्हणे.’